हसदेवचा कोळसा आणि ग्रामसभेचा कागद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्तर छत्तीसगडात सरगुजा, सूरजपूर आणि कोरबा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे हसदेव अरण्य नावाचा सुमारे १ लाख ७० हजार हेक्टरांचा वनप्रदेश आहे. सालवृक्षांचे असे सलग आणि दाट रान मध्य भारतात आता फारसे उरलेले नाही. गोंड, उरांव, कंवर, पंडो या आदिवासी जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. घटनेच्या पाचव्या अनुसूचीने या मुलखाला विशेष संरक्षण दिले आहे. आणि या रानाच्या पोटात सुमारे पाच अब्ज टन कोळसा आहे. सरकारी दप्तरात त्याचे २३ पट्टे पाडले गेले तेव्हापासून या प्रदेशाचे दोन नकाशे झाले. एका नकाशात गावे, देवस्थाने, पाणवठे आणि हत्तींच्या वाटा आहेत; दुसऱ्यात केवळ चौकोन आणि आकडे. दिल्ली, रायपूर आणि जयपूर येथील कचेऱ्यांत जे निर्णय झाले ते या दुसऱ्या नकाशावर बोट ठेवून.

जयपूरचे नाव ऐकून काहींना नवल वाटेल. हसदेवमधील परसा पूर्व व केते बासन, परसा आणि केते विस्तार हे तीन खाणपट्टे राजस्थान राज्य विद्युत उत्पादन निगम या सरकारी कंपनीला दिलेले आहेत. परंतु निगम स्वतः कोळसा खणत नाही. खाण विकसित करणे, चालवणे, कोळसा धुऊन रवाना करणे हे सारे काम अदानी समूहाच्या कंपनीकडे आहे. पहिल्या खाणीसाठी जी संयुक्त कंपनी स्थापन झाली, तिच्यात अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के आणि सरकारी निगमाचा २६ टक्के. म्हणजे खाणीची मालकी सरकारची, जमीन घेतली जाते ती सार्वजनिक हेतूच्या नावाने, पोलीस बंदोबस्तही सरकारचा. आणि टनामागे ठरलेला मोबदला मात्र खाजगी कंत्राटदाराचा. ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय हसदेवचा प्रश्न समजणार नाही.

१९७१ ते १९७३ या काळात देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा खाजगी खाणमालकांची लूट थांबावी आणि खनिज संपत्ती समाजाच्या हाती यावी, हा त्यामागचा विचार होता. त्याआधीचा १९५७ चा कोळसाक्षेत्र संपादन कायदाही सार्वजनिक क्षेत्रासाठीच होता आणि म्हणूनच त्यात सरकारला फार मोठे अधिकार दिले गेले. परसा खाणीची जमीन याच कायद्याखाली घेण्यात आली. खाजगी कंत्राटदाराच्या लाभासाठी हा कायदा वापरता येणार नाही, असा आक्षेप गावकऱ्यांनी बिलासपूरच्या उच्च न्यायालयात घेतला. न्यायालयाने २०२२ साली तो फेटाळला. कायद्याच्या शब्दात तो निकाल बसत असेल. परंतु ज्या हेतूने तो कायदा झाला त्याच्याशी त्याचे नाते काय, हा प्रश्न न्यायालयाबाहेर विचारण्याची मुभा प्रत्येक नागरिकाला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले आणि सरकारी कंपनीच्या आडून खाजगी भागीदाराने कोळसा घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर २०१५ साली नवा कायदा झाला, परसा पूर्वचा पट्टा पुन्हा त्याच निगमाकडे आला आणि कंत्राटदारही तोच राहिला.

आता थोडे मागे जायला हवे. २००९ च्या सुमारास केंद्राच्या पर्यावरण आणि कोळसा या दोन्ही मंत्रालयांनी मिळून देशातील कोळसाक्षेत्रांचा आढावा घेतला. ज्या भागात जंगल इतके समृद्ध आहे की तेथे खाण काढूच नये, असे प्रदेश वेगळे काढण्यात आले. हसदेव अरण्य संपूर्णपणे त्यात बसले. ही आंदोलकांची मागणी नव्हती. सरकारने स्वतःच्या अधिकाऱ्यांकडून करवून घेतलेले ते वर्गीकरण होते. २०११ च्या जूनमध्ये वनविषयक सल्लागार समितीने परसा पूर्व व केते बासन खाणीला परवानगी नाकारण्याची शिफारस केली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ती डावलली. त्यांचा युक्तिवाद असा की हे पट्टे मुख्य जंगलात नसून कडेला आहेत, मध्ये टेकड्यांची रांग आहे, पाण्याचे उतार वेगळे आहेत. आणि राज्य सरकार मुख्य अरण्यात नव्या खाणी मागणार नसेल तर एवढी परवानगी देता येईल. अपवाद म्हणून उघडलेले हे दार पुढे कसे रुंदावत गेले, ते ठाऊक आहेच. २०१३ साली खाण सुरू झाली. वर्षाला एक कोटी टनांची क्षमता दीड कोटींवर आणि नंतर एक कोटी ऐंशी लाखांवर नेण्यात आली. पहिल्या टप्प्यातील कोळसा पंधरा वर्षे पुरेल असे कागदावर म्हटले होते. तो दहा वर्षांच्या आत संपला आणि दुसऱ्या टप्प्याच्या १,१३६ हेक्टर जंगलाची मागणी उभी राहिली. घाईने उपसायचे आणि मग टंचाईची हाकाटी करायची, असा हा हिशेब.

मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ही वनपरवानगी रद्द ठरवली. जंगलात कोणती दुर्मीळ झाडे आणि प्राणी आहेत, हत्तींच्या वाटा कोठून जातात, याचा अभ्यास न करताच ती दिली गेली होती, असे न्यायाधिकरणाचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिल्यामुळे खाण चालूच राहिली. जो अभ्यास आधी व्हायला हवा होता तो २०२१ साली हाती आला, म्हणजे न्यायाधिकरणाच्या निकालानंतर सात वर्षांनी. तोवर लाखो टन कोळसा निघून गेलेला होता.

हा अभ्यास दोन संस्थांचा होता आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेने चार पट्ट्यांत कडक अटींवर खाणकामाचा विचार करता येईल असे म्हटले. मात्र वन्यजीवांचा भाग ज्यांच्याकडे होता त्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने स्पष्ट शब्दांत सांगितले की, चालू असलेली खाण सोडली तर हसदेव अरण्यात नवी खाण काढूच नये. परवानगी देणाऱ्यांनी पहिल्या संस्थेचे म्हणणे उचलले आणि दुसरीचे कपाटात ठेवले.

वन्यजीव संस्थेने असे का सांगितले? या अरण्यात बिबळ्या, अस्वल, लांडगा, तरस आहेत आणि त्याची सलगता अचानकमारच्या व्याघ्रक्षेत्राकडे जाते. पण प्रश्नाचे केंद्र हत्ती आहे. विसाव्या शतकात बराच काळ छत्तीसगडातून हत्ती जवळजवळ नाहीसा झाला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या वेळच्या बिहारमधून, म्हणजे आजच्या झारखंडातून, आणि ओडिशातून कळप इकडे येऊ लागले. तिकडची जंगले खाणींनी आणि कारखान्यांनी पोखरली गेली, हे त्यामागचे एक मोठे कारण. खाणींमुळे उठून आलेला हत्ती आता दुसऱ्या खाणीच्या तोंडाशी उभा आहे. हत्तीचा कळप एखाद्या रानाच्या तुकड्यावर जगत नाही. वयाने थोर असलेली मादी शेकडो चौरस किलोमीटरांतील पाणी, बांबू आणि वाटा लक्षात ठेवून कळपाला नेत असते. त्या वाटेवर अवाढव्य खड्डा पडला, कोळशाच्या गाड्यांचा रस्ता आणि लोहमार्ग आला, रात्रंदिवस दिवे आणि सुरुंगांचे हादरे सुरू झाले, म्हणजे कळप फुटतो आणि गावांकडे वळतो. घरात साठवलेले धान आणि मोहाची फुले यांचा वास त्याला दुरून येतो. मातीची भिंत त्याच्या एका धक्क्याची असते. आत झोपलेले माणूस कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही. सिमेंटच्या घरात राहणारा माणूस हत्तीच्या पायाखाली सापडल्याचे सहसा ऐकू येत नाही.

वन्यजीव संस्थेचा एक आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. देशातील रानटी हत्तींपैकी एक टक्क्याहून कमी हत्ती छत्तीसगडात आहेत. पण हत्तींमुळे होणाऱ्या मानवी मृत्यूंपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक मृत्यू या एका राज्यात नोंदले जातात. आणखी खाणी उघडल्यास हा संघर्ष राज्याच्या आवाक्याबाहेर जाईल, असा इशारा संस्थेने दिला आहे. शहरी पांढरपेशांच्या मनात अजून एक समज घट्ट आहे की वन्यप्राण्यांची काळजी हा सुखवस्तूंचा छंद आणि आदिवासींची काळजी हा दुसराच विषय. हसदेवमध्ये हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. लेमरू हत्ती अभयारण्याचा ठराव छत्तीसगड विधानसभेने २००५ सालीच केला होता आणि २००७ साली केंद्राने त्याला मान्यताही दिली. त्यानंतर ते प्रकरण बारा वर्षे बासनात पडून राहिले. २०१९ मध्ये पुन्हा घोषणा झाली आणि २०२१ मध्ये १,९९५ चौरस किलोमीटरांची अधिसूचना निघाली. राजस्थानचे तिन्ही पट्टे तिच्या बाहेर राहतील याची दक्षता घेऊनच. हत्तीला ही अधिसूचना वाचून दाखवण्याची सोय अद्याप झालेली नाही.

जंगलाचा दुसरा हिशेब माणसांच्या चुलीचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग तेंदूपाने, चारोळी, सालबिया, पावसाळ्यात अळंबी आणि कंदमुळे. औषधी वनस्पती बाराही महिने. गडचिरोलीत काम केलेल्या साथींना हे कॅलेंडर नव्याने सांगायला नको. यातला मोठा भाग बायका गोळा करतात आणि त्याचे पैसे बायकांच्या हाती येतात. खाण येते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर, म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावावर, मिळतो. रानातल्या उत्पन्नाला सातबारा नाही. ज्याच्या नावावर दोन एकर आहेत त्याला काही रक्कम आणि क्वचित नोकरी. ज्याच्या नावावर काहीच नाही पण ज्याचे सहा महिने जंगलावर निघतात त्याच्या हाती शून्य. उघड्या खाणीतील अजस्र यंत्रांना माणसे फार थोडी लागतात आणि जी लागतात ती बहुतेक बाहेरून येतात. तरीही काही गावकऱ्यांनी खाणीच्या बाजूने निवेदने दिली, मोर्चेही काढले. त्यांना विकले गेलेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शाळेचा मास्तर येत नाही, दवाखाना वीस कोसांवर, शेतीला पाणी नाही. अशा ठिकाणी पहिला दवाखाना आणि पहिली गणवेशाची शाळा खाणवाल्याने काढली तर चार घरे तिकडे झुकणारच. सरकारने आपले कर्तव्य केले नाही, ती पोकळी कंपनीने भरली आणि त्या उपकाराची किंमत म्हणून जंगल मागितले.

आता ग्रामसभेच्या कागदाकडे वळू या, कारण या लढ्याचा कणा तोच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने जंगलावरील वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. २००९ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढला की वनजमीन इतर कामासाठी वळवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंधांच्या बारा ग्रामसभा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भरल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. ओडिशातील समाजवादी कार्यकर्त्यांचा त्या लढ्यात मोठा वाटा होता, हे येथे अभिमानाने नोंदवले पाहिजे. नियमगिरीपासून सरकारांनीही एक धडा घेतला. ग्रामसभेला खरोखर विचारले तर ती नाही म्हणू शकते. तेव्हा विचारल्याचा कागद तेवढा हाती असावा.

परसा खाणीच्या बाबतीत नेमके हेच घडल्याचा साल्ही, हरिहरपूर आणि फतेहपूर या तीन गावांचा आरोप आहे. २०१७ आणि २०१८ सालच्या ज्या ग्रामसभांचे संमतीचे ठराव पुढे करण्यात आले, त्या सभांमध्ये खाणीचा विषय चर्चेला आलाच नव्हता, तो मागाहून इतिवृत्तात घुसडला गेला, असे गावकरी सांगत राहिले. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदने दिली, राज्यपालांना पत्रे पाठवली. राज्याच्या अनुसूचित जमाती आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि २०२४ साली या तक्रारीत तथ्य असल्याचा निष्कर्ष काढला. घाटबर्रा गावाची कथा तर याहून विलक्षण. या गावाला वनाधिकार कायद्याखाली २०१३ साली सामूहिक हक्काचा पट्टा मिळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये प्रशासनाने तो रद्द केला. कारण काय, तर गावकरी त्या हक्काच्या आधारे खाणकामात अडथळा आणतात. हक्काचा उपयोग केला म्हणून हक्क काढून घेतला! मुळात दिलेला हक्क अशा रीतीने परत घेण्याची तरतूद त्या कायद्यात शोधून सापडत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये या गावांतील सुमारे साडेतीनशे स्त्रीपुरुष फतेहपूरहून चालत निघाले आणि तीनशे किलोमीटर तुडवून रायपूरला पोहोचले. ठरावांच्या बनावटीची चौकशी व्हावी एवढीच त्यांची पहिली मागणी. राज्यपालांनी त्यांची भेट घेऊन म्हणणे ऐकले. पदयात्रा संपून जेमतेम आठवडा उलटला तोच केंद्र सरकारने परसा खाणीला अंतिम वनपरवानगी देऊन टाकली. मार्च २०२२ पासून हरिहरपूरला बेमुदत धरणे सुरू झाले. पाऊस, थंडी आणि ऊन यांतून ते वर्षानुवर्षे चालत राहिले. हसदेव अरण्य बचाव संघर्ष समितीची ही चिकाटी जगाच्याही नजरेत भरली आणि तिचे एक सूत्रधार आलोक शुक्ला यांना २०२४ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

राजकीय पक्षांनी या गावांशी जे वर्तन केले, त्यावर वेगळे व्याख्यान देता येईल. २०१५ साली राहुल गांधी मदनपूरला गेले, गावकऱ्यांमध्ये बसले आणि जंगल वाचवण्याच्या लढ्यात बरोबर राहू असे बोलले. २०१८ च्या अखेरीस रायपूर आणि जयपूर दोन्हीकडे त्यांच्याच पक्षाची सरकारे आली. मार्च २०२२ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत स्वतः रायपूरला आले ते खाणी लवकर सुरू कराव्यात हे सांगायला आणि पुढच्या महिन्यात छत्तीसगड सरकारने परवानग्या दिल्या. लोकक्षोभ उसळला तेव्हा काम थांबले. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगड विधानसभेने एकमताने ठराव केला की हसदेवमधील सर्व खाणपट्टे केंद्राने रद्द करावेत. एकमताने, म्हणजे त्या वेळी विरोधी बाकांवर असलेल्या भारतीय जनता पक्षाच्या सदस्यांसह. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पक्षाचे सरकार आले. आदिवासी समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेऊन जेमतेम आठवडा उलटला तोच, प्रचंड पोलीस बंदोबस्तात परसा पूर्वच्या दुसऱ्या टप्प्यासाठी करवती चालल्या आणि आंदोलनातील कार्यकर्त्यांना आधीच ताब्यात घेण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये परसासाठी झाडे तोडताना पोलीस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. विधानसभेचा तो एकमुखी ठराव मात्र रद्द झालेला नाही. तो कामकाजाच्या पुस्तकात सुखरूप आहे.

तोडलेल्या झाडांची गणना सरकारनेच संसदेत दिली आहे. २०२४ च्या जुलैपर्यंत परसा पूर्व व केते बासनसाठी ९४,४६० झाडे तोडली गेली आणि पुढील काळात आणखी २,७३,७५७ तोडली जातील, असे उत्तर पर्यावरण मंत्र्यांनी दिले. त्याच उत्तरात भरपाई म्हणून लावलेल्या ५३ लाखांहून अधिक रोपांचा आकडा आहे आणि ४० लाखांहून अधिक जगली असा दावा आहे. ऐकणाऱ्याला वाटावे, जंगल कमी झाले नसून उलट वाढलेच. परंतु साल हा वृक्ष रोपवाटिकेतून सहजासहजी उभा राहत नाही. वनखात्याचे जुने अधिकारी हे खाजगीत मान्य करतात. ज्या रानात हत्तीचे कळप वाढतात, ज्याच्या सावलीत झरे जिवंत राहतात, ते रान रांगेत लावलेल्या रोपांची बेरीज नसते. याच हसदेव नदीवर मिनीमाता बांगो धरण आहे. त्याच्या कालव्यांवर जांजगीर-चांपा जिल्ह्याची भातशेती उभी आहे. पाणलोटातील जंगल उघडे पडल्यावर धरणात पाणी किती येईल आणि गाळ किती, याची चिंता आदिवासींइतकीच खालच्या भागातील शेतकऱ्यालाही वाटायला हवी. ती अजून पुरेशी वाटत नाही, हे या आंदोलनाचे एक दुबळेपण आहे.

तिसरा पट्टा केते विस्ताराचा. त्याची जवळजवळ सारी जमीन वनाची आहे. १,७४२ हेक्टर जंगल वळवण्याची शिफारस राज्याच्या वनखात्याने २०२५ साली केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या जनसुनावणीत गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. या पट्ट्यापासून काही कोसांवर रामगढचा डोंगर आहे. तेथील सीताबेंगरा आणि जोगीमारा या लेण्यांतले ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचे आहेत. जोगीमाऱ्याच्या लेखात सुतनुका नावाच्या देवदासीचे आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या देवदिन नावाच्या कारागिराचे नाव कोरलेले आहे. कालिदासाने मेघदूतातील यक्षाला ज्या रामगिरीवर ठेवले तो नागपूरजवळचा रामटेक की सरगुज्याचा रामगढ, हा विद्वानांचा जुना वाद आहे आणि महाराष्ट्राने त्यात आपली बाजू कधी सोडलेली नाही. सुरुंगांच्या हादऱ्यांनी या डोंगराला धोका असल्याची भीती छत्तीसगडातील जबाबदार नेत्यांनीही बोलून दाखवली आहे. देवळांच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्यांना रामाच्या नावाच्या या डोंगराची आठवण अद्याप झालेली दिसत नाही.

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो आणि कामगारांत काम करणाऱ्या साथींकडून तो अधिक येतो: वीज कोठून आणायची? राजस्थानच्या शेतकऱ्याच्या पंपालाही वीज हवीच. या प्रश्नाला छत्तीसगड सरकारनेच जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उत्तर देऊन ठेवले आहे. परसा पूर्व व केते बासन या चालू खाणीत अजून सुमारे ३५ कोटी टन कोळसा आहे, राजस्थानच्या संबंधित वीज केंद्रांची वीस वर्षांची गरज त्यातून भागते, नव्या खाणीची आवश्यकता नाही, असे ते प्रतिज्ञापत्र म्हणते. म्हणजे प्रश्न वीज की जंगल असा उरतच नाही. देशात जंगलाबाहेरही कोळसा आहे. पण दाट रानाखालचा कोळसा उथळ आणि काढायला स्वस्त पडतो, कारण वरच्या रानाची आणि माणसांची किंमत त्या हिशेबात धरलेली नसते.

येथवर ऐकून महाराष्ट्राने निःश्वास सोडू नये. महाराष्ट्र सरकारच्या मालकीच्या महानिर्मिती कंपनीला छत्तीसगडच्याच रायगड जिल्ह्यात, तमनार तालुक्यात, गारे पेलमा सेक्टर दोन हा खाणपट्टा मिळालेला आहे. सुमारे २,५८३ हेक्टर क्षेत्र, चौदा गावे, वर्षाला २ कोटी ३६ लाख टनांची क्षमता. खाण चालवण्याचे कंत्राट येथेही अदानी समूहाकडे. २०१९ सालच्या जनसुनावणीला गावकऱ्यांनी प्रखर विरोध केला. २०२२ मध्ये दिलेली पर्यावरण परवानगी हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली. लोकांचे म्हणणे आणि आरोग्याचे प्रश्न नीट विचारात घेतले नाहीत, असा ठपका ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा देण्यात आली आणि जून २०२५ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात झाडतोड सुरू झाली. या तमनारच्या मुलखात गेली अनेक वर्षे २ ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह होतो. गावकरी आपल्याच शेतातला कोळसा हातांनी खणून काढतात आणि जमीन आमची तर कोळसाही आमचा असे बजावतात. मिठागरावर जमलेल्या माणसांची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राच्या नावाने तेथे परवानग्या मागितल्या जातात.

हत्तींनी तर हा संबंध आधीच जोडून दिला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत उतरला. हत्ती ठाऊक नसलेल्या तेथील गावांनी धानाची शेते तुडवलेली पाहिली, पुढे माणसेही दगावली. त्याच गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून आमच्या गावात आम्हीच सरकार हे बोल खरे करून दाखवले. आणि त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिजासाठीची जनसुनावणी २०२२ मध्ये माडिया गावांपासून कित्येक कोस दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी घेतली गेली. दोन्ही वाटा एकाच जिल्ह्यातून फुटतात.

महानिर्मिती ही विधिमंडळाला जबाबदार असलेली कंपनी आहे. तमनारच्या चौदा गावांतील ग्रामसभांचे ठराव मूळ स्वरूपात कोठे आहेत, ते कोणत्या तारखांचे आहेत, त्यांवर सह्या कोणाच्या आहेत आणि त्या सभांच्या विषयपत्रिकेत खाणीचा उल्लेख होता काय, हे प्रश्न पुढील अधिवेशनात विचारता येतील. माहिती अधिकाराखाली तर उद्याही विचारता येतील. वीज कामगारांच्या संघटनांशी याबाबत बोलणी करायला हवीत, कारण खाणीचे कंत्राटीकरण आणि वीज केंद्रांचे कंत्राटीकरण एकाच हाताने चालले आहे आणि त्यांचे सभासद ते रोज पाहतात. गडचिरोली आणि गोंदियातील साथींपैकी चार-सहा जणांनी दिवाळीनंतर तमनार आणि हरिहरपूर येथे जाऊन यावे, तेथील कागद पाहावेत, माणसांशी बोलावे आणि जे दिसेल ते याच साप्ताहिकात लिहावे.